दफनभूमीतली राखण : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते नोव्हेंबर २०२५

२० एप्रिल, रविवार. पुनरुत्थान सण (ईस्टर)

पहाटेची उपासना दरवर्षीप्रमाणे आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दफनभूमीत झाली. सव्वापाचला अंधारच होता. पाळकसाहेबांनी मोबाइलच्या उजेडात योहानाचा विसावा अध्याय वाचला. मग्दालीया मरीया कबरेपाशी रडत उभी आहे, येशू समोर आहे, आणि तिला वाटतं हा माळी आहे. लहानपणापासून ऐकते हे वचन. आज ऐकताना बाबांकडे लक्ष गेलं. त्यांनी छत्तीस वर्षं मिशन कंपाउंडात माळीकाम केलं. आता अठ्ठ्याहत्तर वय, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून उपासना ऐकत होते आणि नजर उत्तरेच्या बांधावरच्या निंबाकडे होती. निंब मोहरलाय. अंधारात झाड दिसत नव्हतं, वास येत होता.

उजाडल्यावर जे दिसलं ते असं. जागा एक एकर दहा गुंठे. निम्म्या भागात वेडी बाभूळ. कबरींच्या ओळींमध्ये वाळलेलं गाजरगवत कमरेएवढं. मागच्या पावसाळ्यात एका योजनेतून आलेली शंभर रोपं इथे लावली होती, फोटोही काढले होते. त्यातलं एकही जिवंत नाही. खड्डे वीतभर खोल होते, आणि पाणी कोण घालणार हे ठरलंच नव्हतं. फोटोत मीही आहे. म्हणून या वेळी वही घातली.

कमिटीने उपासनेनंतर मंजुरी दिली. देशी झाडं, पाणी मुरवण्याचे चर, आणि इथे जे जे जगतंय त्याची नोंद. निधी अकरा हजार.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. आमची मंडळी प्रोटेस्टंट, पण मला वाईट वाटलं. २०१५ साली त्यांनी पृथ्वीला सगळ्यांचं सामायिक घर म्हणत जे परिपत्रक काढलं, त्यावर मी शब्बाथ शाळेत दोन रविवार बोलले होते. नाव त्यांनी असिसीच्या फ्रान्सिसवरून घेतलं. तेराव्या शतकातला हा साधू. सूर्य माझा भाऊ, पाणी माझी बहीण, असं म्हणत त्याने देवाची स्तुती रचली.

संध्याकाळी हे बाबांना सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "बहीण म्हटलं की माहेरपण आलं, माय. पाण्याला घरी बोलवायचं तर उतरायला जागा पाहिजे. आधी चर खोदा, झाडं मागून."

कामाचा क्रम बदलला. आधी चर.

२७ एप्रिल, रविवार

मुलांसोबत मोजणी केली. निंब ७, बोर ३, चिंच १, हिवर १, पळस १, आपोआप उगवलेली सीताफळं ४. पक्ष्यांत साळुंखी, बुलबुल, होला, कोतवाल, वेडा राघू, तांबट, शिंजीर, सातभाईंचा एक थवा. "एक पक्षी दिसला" असं वहीत लिहायचं नाही, नाव विचारायचं किंवा शोधायचं, एवढा एकच नियम ठेवला. बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव प्राण्यांना आदामाकडे घेऊन येतो, तो त्यांना काय नावं देतो ते पाहायला. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "देवाला नावं माहीत नव्हती का?" मी म्हटलं, माहीत असणारच, पण आपण नीट बघतो का ते त्याला बघायचं असेल. उत्तर बरोबर होतं की नाही सांगता येणार नाही. तिने मात्र त्यानंतर तांबटाचं घरटं शोधून काढलं, चिंचेच्या वाळक्या फांदीत कोरलेलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं भोक.

४ मे, रविवार

मंडळीतले एक वडीलधारे उपासनेनंतर थांबले. "बाई, देवाने माणसाला सत्ता दिलेली आहे. झाडंझुडपं आपल्या सोयीसाठी आहेत. एक दिवस जेसीबी लावा, सगळं सपाट करा, पेव्हर ब्लॉक टाका. मयत आणताना म्हाताऱ्या माणसांचे पाय अडखळतात."

पाय अडखळतात हे खरं आहे. मुख्य वाट नीट करायलाच हवी, ते कामात धरलं. पण सत्तेचं बोलणं डोक्यातून जाईना. घरी येऊन उत्पत्ती काढलं. ते म्हणतात ते पहिल्या अध्यायाचं अठ्ठाविसावं वचन आहेच. पान उलटलं की दुसऱ्या अध्यायाचं पंधरावं. माणसाला बागेत ठेवलं ते कशासाठी? मशागत आणि राखण करण्यासाठी.

राखण म्हणजे काय ते आमच्या भागात कुणाला समजवायला नको. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा बांधायचा, दिवस उगवायच्या आत वर चढायचं आणि अंधार पडेपर्यंत गोफण फिरवत, हारे घालत पाखरं उठवायची. माझी आजी दुसऱ्याच्या रानात राखणीला जायची. राखण करणाऱ्याची ज्वारी कधी त्याची नसते. मालक दुसरा असतो. पण पाखरांनी कणसं रिकामी केली तर जाब राखणदाराला विचारतात. देवाने आदामाला दिलेलं काम हे असं आहे, आणि हे वाचताना मला माळ्यावरची आजी दिसते, हातात राजदंड घेतलेला राजा दिसत नाही.

पाळकसाहेबांना फोन केला. त्यांनी आणखी एक सांगितलं ते लिहून ठेवते. मूळ हिब्रूत राखणीसाठी जो शब्द आहे तोच गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातल्या आशीर्वादात येतो, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो." दर रविवारी उपासना संपताना मान खाली घालून आम्ही हा आशीर्वाद घेतो. आणि मशागतीचा शब्द चाकरी आणि उपासना या अर्थानेही वापरलेला आहे. देव जशी आपली राखण करतो तशी आपण त्याच्या बागेची करायची. इतकी वर्षं दोन्ही वचनं पाठ होती, एकमेकांशेजारी कधी ठेवली नव्हती.

७ मे, बुधवार

टिटवी!

दक्षिणेच्या कोपऱ्यात, जिथून जेसीबी आत यायचा तिथेच. घरटं म्हणावं असं काही नाही. जमिनीत बशीएवढा खळगा, त्यात खडे आणि शेळीच्या लेंड्या, आणि चार अंडी. निमुळती टोकं आत, चौघं डोकं लावून बसल्यासारखी. मातकट रंगावर काळे-तपकिरी डाग, इतके मातीसारखे की मी दोन पावलांवर उभी होते तरी दिसली नाहीत. टिटवीनेच ओरडून सांगितलं.

कमिटीतल्या एकांना कळवलं तर म्हणाले, टिटवी अपशकुनी, त्यात दफनभूमीत, हाकलून द्या. हा समज आमच्याही घरांतून आहे. लहानपणी रात्री टिटवी ओरडली की मी गोधडीत तोंड लपवायची. बाबा तेव्हा एकच वाक्य बोलायचे, देवाने पाखरं केली आणि बघितलं की चांगलं आहे, त्यात टिटवी वगळलेली नाही. माझ्यावर माझ्या विश्वासाचे जे उपकार आहेत त्यांत हा मी फार वरचा मानते. भीती गेली तेव्हाच मी टिटवीकडे बघायला शिकले. डोळ्याजवळची लाल कातडी, पिवळे पाय, पोटाचा पांढरा रंग, हे सगळं आधीही होतं.

१० मे, शनिवार

दुपारी दोन ते तीन निंबाखाली बसून पाहिलं. ऊन अंड्यांवर सरळ येतं. टिटवी अंड्यांवर बसत नव्हती, पंख किंचित उघडून वर सावली धरून उभी होती. मग जोडीदार आला आणि ती उडाली. शेजारच्या रानातल्या जनावरांच्या हौदापाशी सांडलेल्या पाण्यात पोट टेकवून बसली, उठली, परत बसली. परत आली तेव्हा पोटाची पिसं चिकटलेली, थेंब गळत होते. तशीच ओली अंड्यांवर बसली.

बाबांना सांगितलं तर त्यांना माहीत होतं. "मी सांगितलं असतं तर तू बघितलं नसतंस."

११ मे, रविवार

कमिटी. जेसीबी पुढच्याच शनिवारी ठरलेला होता. मी बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातलं सहावं वचन वाचलं. वाटेत घरटं दिसलं, आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिलांसह आईला धरू नये. नियमशास्त्रात एवढी बारीक गोष्ट लिहून ठेवलेली आहे हे अनेकांना नवीन होतं. टिटवीला अंडी उबवायला साधारण सव्वीस ते अठ्ठावीस दिवस लागतात हेही सांगितलं.

बोलणी वाढली. ते वडीलधारे शेवटी म्हणाले, "शास्त्रात आहे म्हणता तर थांबू. पण वाट झाली पाहिजे." जेसीबी रद्द. वाट हाताने करायची, मजुरी वर्गणीतून.

१७ ते २५ मे

चर खोदले. उताराला आडवे सहा, प्रत्येकी वीस फूट लांब, दीड फूट खोल. काळी माती दीड फुटाखाली मुरमाला लागते. वेडी बाभूळ वरून तोडली तर खोडातून दुप्पट फुटते, म्हणून मुळं खणून काढली. पश्चिमेची एक पट्टी बाबांनी तोडू दिली नाही. सातभाई रात्री तिथे बसतात. हिवर मोठे झाले की मग काढा म्हणाले.

२६ मे, सोमवार

मे महिन्यातच पावसाने झोडपलं. मान्सून परवा केरळात आणि आज मुंबईत, बातम्यांत हेच. चर भरले. छत्री घेऊन टिटवीकडे गेले, बसलेली होती. पाठीवरून पाणी ओघळत होतं, डोळे उघडे, हलली नाही.

१ जून, रविवार

खळग्यात फक्त टरफलं. मुलं रडवेली झाली, मुंगूस आलं असणार म्हणाली. मग बाभळीच्या पट्टीपाशी आईचा आवाज आला आणि गवतात कापसाच्या बोंडाएवढी तीन पिलं पळताना दिसली. टिटवीची पिलं अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात चालायला लागतात. चौथं दिसलं नाही.

८ जून, रविवार. पन्नासावा दिवस (पेंटेकॉस्टचा सण)

लागवड. ४८ रोपं : करंज १२, हिवर १०, आपटा ८, पळस ६, सीताफळ ६, बहावा ४, उंबर २. खड्डे दोन फूट लांब, रुंद, खोल. शेणखत आणि निंबोळी पेंड. भोवती पऱ्हाट्या आणि बोरीच्या काट्यांचं कुंपण. प्रत्येक रोपाला एक घर नेमून दिलं, वहीत नावासह. निधी संपला.

२९ जून, रविवार

पाऊस गायब. मे महिन्यात एवढा पडला आणि पेरणीच्या वेळी आभाळ कोरडं. काळ्या जमिनीला भेगा पडायला लागल्यात, त्या भेगा रोपांची कोवळी मुळं तोडतात. कुंभाराकडून चोवीस मडकी आणली, बिनरंगाची. गळ्यापर्यंत पुरून पाणी भरायचं, वर झाकण. माती कोरडी झाली की मडक्यातून पाणी ओढते, ओली असली की ओढत नाही. आठवड्यातून दोनदा भरलं तरी पुरतं. बाकीच्या चोवीस रोपांना तुराट्या आणि वाळल्या गवताचं जाड आच्छादन.

१३ जुलै, रविवार

कॉलेजात शिकणारा आमच्या मंडळीतला एक मुलगा वही चाळत होता. त्याने सरळ विचारलं, "मॅडम, निसर्गाची ही हालत ख्रिस्ती विचारामुळेच झाली असं आम्हाला शिकवलंय." लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली हे मांडलं, माणूस सृष्टीचा धनी ही समजूत पश्चिमेकडच्या ख्रिस्ती धर्मातून आली म्हणून. प्रश्न खोटा नाही, आणि मी तो टाळणार नाही. मे महिन्यात आमच्याच कमिटीत सत्तेचं वचन जेसीबी लावायला वापरलं गेलं होतं. पण त्याच व्हाइटने असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा संत मानावं असंही सुचवलं होतं, हे त्या मुलाला शिकवलेलं नव्हतं. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिसला तो मान अधिकृतपणे दिला.

मी त्याला रेव्ह. ना. वा. टिळकांचंही सांगितलं. फुलामुलांचे कवी म्हणून सगळ्यांना माहीत. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पण रानातल्या फुलांचं वेड त्याच्या आधीचं. विश्वासामुळे निसर्गाची आवड नव्याने उगवते असं मी म्हणणार नाही. निंबाचा वास सगळ्यांनाच येतो. माझ्या बाबतीत झालं ते इतकंच की ज्याने हे केलं त्याच्याशी बोलता यायला लागलं. चांगलं काही दिसलं की आभार कुणाचे मानायचे ते कळलं, आणि काही मोडलं की माफी कुणाकडे मागायची तेही.

तो पुढच्या शनिवारी मडकी भरायला आला.

१७ ऑगस्ट, रविवार

गवताचा लिलाव. दरवर्षी दफनभूमीतलं गवत लिलावाने जातं, पैसे मंडळीला. मी या वर्षी चारी कडांना सहा-सहा फूट गवत न कापता सोडायची विनंती केली. राखी वटवट्याचं घरटं आहे तिथे, दोन पानं कोळ्याच्या जाळ्याने शिवलेली, आत तीन अंडी. मुनियांना गवताचं बी लागतं.

आधार म्हणून लेवीयचा एकोणिसावा अध्याय वाचला. शेताची कापणी करताना कोनाकोपऱ्यातलं सगळं कापू नका, सरवा वेचू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा.

सरवा हा शब्द निघाला आणि मागच्या बाकावरच्या बायका एकदम बोलायला लागल्या. कुणाची आजी गव्हाच्या सरव्याला जायची, कुणाची आई तुरीच्या. एकीने सांगितलं, मालक चांगला असला की मुद्दाम चार ओंब्या मागे टाकायचा. रूथच्या गोष्टीत बवाज नेमकं हेच करतो, गड्यांना सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतून थोडं काढून टाका. आमच्या बहुतेकांच्या आजी-पणजींच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं. माझे पणजोबा बेथेलला वाढले. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी वसवलेलं गाव ते. शेषाद्री स्वतः १८४३ साली ख्रिस्ती झाले होते. गावकुसाबाहेरच्या लोकांना तिथे कसायला जमीन मिळाली, विहिरीवर पाणी भरता आलं. चोविसावं स्तोत्र, "पृथ्वी व तिच्यातले सर्वकाही परमेश्वराचे आहे", हे पणजोबांना किती मोठं वाटलं असेल याचा मी अनेकदा विचार करते. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाने ते म्हणायचं, उभ्या रानाकडे बघत. रान पाटलाचं असो की निजामाचं, मुळात ते देवाचं, आणि देवाने कडेचा सरवा माझ्यासाठी राखून ठेवायला सांगितलेला आहे.

आता जागा आमच्या ताब्यात आहे. सरवा सोडायची पाळी आमची.

कडा सोडायचं ठरलं. लिलावात पंधराशे रुपये कमी आले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

पाऊस चांगला. मडकी भरायची गरज नाही. ४८ पैकी ४५ जिवंत.

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून ४ ऑक्टोबरपर्यंत जगभरच्या अनेक मंडळ्या सृष्टीसाठी प्रार्थना करतात. ४ ऑक्टोबर हा फ्रान्सिसचा दिवस. पाळकसाहेबांनी काल चर आणि झाडांपाशी उपासना घेतली, चारशे पावलं चालत. एकशेचारावं स्तोत्र मुलांनी वाटून वाचलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तीन दिवस थांबलेला नाही. ओढा दफनभूमीच्या पूर्वेच्या भिंतीवरून आला. मराठवाड्यात सगळीकडे हेच, बीड, धाराशिव, आमचा जालना. गावातलं सोयाबीन पाण्यात उभं.

२८ सप्टेंबर, रविवार

परत पाऊस. जायकवाडीतून गोदावरीत पाणी सोडलंय, पैठणच्या सखल भागातली माणसं हलवली. उपासनेला अकराजण.

ओढ्यालगतच्या एका रानात माती खरवडून गेली, खालचा मुरूम उघडा पडलाय. कापलेल्या जनावरासारखं दिसतं. आमच्या मंडळीतल्या आजींचं ते रान, दोन एकर. त्या बांधावर उभ्या होत्या. मी जवळ गेले. काय बोलायचं होतं? पाच महिने या वहीत मी पावसाबद्दल, पाण्याबद्दल गोड लिहिलंय. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "देवानंच दिलं व्हतं ना गं." प्रश्न होता की उत्तर होतं, मला कळलं नाही.

रात्री ईयोबाचे अडतिसावा आणि एकोणचाळिसावा हे अध्याय वाचले. जिथे एकही माणूस राहत नाही त्या रानावर पाऊस कोण पाडतो, असं देव ईयोबाला विचारतो. ईयोबाच्या दुःखाचं कारण तो सांगत नाही. त्याला जंगली गाढव दाखवतो, डोंगरावरची हरणी कधी विते ते विचारतो, गरुडाचं घरटं दाखवतो. मी आधी हे वाचलं की मला कोरडं वाटायचं. आज वाटलं नाही. पण आजींना हे वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. मी उद्या त्यांच्याकडे पीठ आणि तेल घेऊन जाणार आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

पाणी ओसरलं. मोजणी : ३१ जिवंत. सीताफळं सहाच्या सहा गेली, मुळं कुजली. बहाव्याचे तीन गेले. करंज बाराही उभे, त्याला साचलेलं पाणी सोसतं. आठ कबरी खचल्या, माती भरायची आहे. ज्या कडांचं गवत सोडलं होतं तिथली माती जागेवर आहे, मुळांनी धरून ठेवलेली. जिथे गवत कापलं होतं तिथे बोटभर खोल ओघळी. हे कमिटीपुढे जसंच्या तसं मांडणार.

१२ ऑक्टोबर, रविवार. हंगामाची उपकारस्तुती

ही उपासना या वर्षी घ्यावी की नाही यावर कमिटीत वाद झाला. घेतली. वेदीपुढे दरवर्षी सोयाबीनची पोती, कापूस, मोसंबी, कणसं यांचा ढीग असतो. आज तीन भोपळे, थोडी मोसंबी, एक कोंबडी.

आजी शेवटी आल्या. पदरात सोयाबीनच्या शेंगा, झाडावरच कोंब फुटलेल्या. काळ्या पडलेल्या शेंगांतून पांढरट हिरवे कोंब बाहेर, काहींना दोन पानं. बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. त्यांनी त्या पितळी ताटात ठेवल्या, कोंब वर येतील अशा एकेक नीट लावल्या, आणि जागेवर जाऊन बसल्या. पाळकसाहेबांना प्रार्थना सुरू करायला वेळ लागला.

उपासनेनंतर बाबांनी त्यातल्या चार शेंगा मागून घेतल्या.

२ नोव्हेंबर, रविवार

खचलेल्या कबरी भरून झाल्या, नऊजण आले होते. गेलेल्या सतरा रोपांच्या जागी आता करंज, हिवर आणि भोकर लावायचं. सीताफळ उंचवट्यावरच. बाबांनी त्या चार शेंगांचे कोंब आईच्या कबरीशेजारच्या चराच्या कडेला लावले होते. दोन जगलेत. हे पीक यायचा हंगाम नाही, फुलं धरतील असं त्यांनाही वाटत नाही. रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालतात.

निघताना अंधार पडला. टिटवी ओरडली, ओढ्याच्या बाजूने, आणि दुसरी तिला उत्तर देत दफनभूमीवरून गेली. वहीत लिहिलं : टिटवी, किमान २, सायंकाळी ६.४०.

पुढचं काम, शनिवार ८ नोव्हेंबर : चरांतला गाळ काढणे. फावडी पाच लागतील, तीन आहेत.